डेहराडून, दोन तास चाळीस मिनिटं

"मॅडम, सवा चार घंटे चाहिए. उनके पास चार ही हैं." दीप्तीने कागद माझ्या टेबलावर ठेवला. "मैंने दो बार ना बोला. अब उन्होंने आपके नाम से लेटर भेजा है. मराठी में."

दीप्ती आमच्या एअरलाइनच्या मेडिकल डेस्कवर आहे. आजारी प्रवाशाला विमानात घ्यायचं की नाही, ते कागदपत्रं तपासून तिचं डेस्क ठरवतं. मी शेड्यूल प्लॅनिंगमध्ये. कुठलं विमान किती वाजता सुटणार आणि किती वाजता पोचणार, हे आकडे माझ्याकडून जातात. आमची टेबलं एकाच मजल्यावर असली, तरी कामाचा संबंध वर्षातून एकदाही येत नाही. म्हणून मी आधी पत्राकडे न बघता तिच्याकडेच बघितलं.

"पूछ रहे थे, टाइम कौन डिसाइड करता है. मैंने आपका नाम बता दिया. सॉरी, मॅडम."

भंगाळे हे आडनाव ऐकल्यावर त्या गृहस्थांनी बरोबर भाषा ओळखली होती. हातानं लिहिलेलं, ठसठशीत अक्षरातलं पत्र, स्कॅन करून पाठवलेलं.

"सौ. भंगाळे यांस, स.न.वि.वि. माझी पत्नी पद्मावती हिला फुप्फुसांचा आजार असून ती चोवीस तास ऑक्सिजनवर असते. आमची एकुलती मुलगी डेहराडूनला शास्त्रज्ञ आहे. लग्नानंतर चौदा वर्षांनी तिला मुलगी झाली, तीही सात आठवडे आधी. बाळाला सहा महिने प्रवास करता येणार नाही. पत्नीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की, जायचे तर आत्ताच जा. पुढे विमानाची परवानगी देता येईल असे वाटत नाही. आपले खाते म्हणते, प्रवास दोन तास पन्नास मिनिटांचा आहे. हे मला मान्य नाही. सोबत गणित जोडले आहे. आपला, म. वि. टिळेकर, निवृत्त डिझाइन इंजिनिअर."

आधी नियम सांगते. खांद्याला अडकवता येईल एवढं एक मशीन मिळतं. ते आजूबाजूच्या हवेतला ऑक्सिजन गोळा करतं आणि बारीक नळीतून नाकात सोडतं. ते बॅटरीवर चालतं. विमानातल्या सॉकेटच्या भरवशावर राहायचं नाही, असा दंडक आहे. त्यामुळे प्रवासाच्या वेळेच्या दीडपट चालेल एवढी बॅटरी प्रवाशाजवळ हवी. दोन पन्नासच्या दीडपट म्हणजे सव्वाचार तास. टिळेकरांची बॅटरी चार तासांची. पंधरा मिनिटं कमी पडत होती.

आता त्यांचं गणित. बंगळुरू आणि डेहराडून हे नकाशावर जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर आहेत. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत फरक सतरा अंशांचा. एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. सतरा गुणिले साठ, त्याचे किलोमीटर केले, उत्तर अठराशे नव्वद. ताशी आठशे तीसने भागलं, दोन तास सतरा मिनिटं. त्याच्या दीडपट, तीन तास सव्वीस. खाली दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं, "सबब बॅटरी पुरेशी आहे."

मी कॅल्क्युलेटरवर तपासलं. गणित अचूक होतं. फक्त त्यात विमान कुठेच नव्हतं.

मी फोन लावला.

"टिळेकर बोलतोय."

"नमस्कार काका. मी सुनीता भंगाळे, एअरलाइनमधून."

"बोला. चूक सापडली गणितात?"

"नाही सापडली."

"मग तेहेतीस मिनिटं तुमचं विमान काय रस्त्यात चहाला थांबतं?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावतात, त्यांना चॉक म्हणतात. सुटताना ते काढल्यापासून पोचल्यावर पुन्हा लावेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर असते ती हीच वेळ. त्यात रनवेपर्यंत चालत जाणं आलं, रांगेत उभं राहणं आलं, वर चढणं, उतरणं, आणि आकाशातल्या ठरलेल्या वाटेनं थोडं वाकडं जाणंही आलं. आणि नियमातला तो अर्धा पट कशासाठी, तर ढगांमुळे डेहराडूनला उतरता आलं नाही तर दिल्लीला जाता यावं म्हणून. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"दुसरी बॅटरी नाही मिळणार?" मी विचारलं.

"डीलर तीन आठवडे म्हणतोय. भाड्याच्या मिळतात त्या या मशीनला बसत नाहीत. डॉक्टरांचं फिट-टू-फ्लाय सर्टिफिकेट दहा दिवस चालतं, त्यातले चार गेले. रेल्वेचे दोन दिवस तिला झेपणार नाहीत. आणखी काही?"

"नाही काका. मी बघते."

"बघते म्हणजे काय? छत्तीस वर्षं नोकरीत मीही बघतो, बघतो म्हणत होतो."

मागून बाईंचा आवाज आला. धाप लागलेला, पण गोड. "अहो, तिला का ओरडता? पाप, तिचं काय चुकलं?" बंगळुरात 'बिचारी' म्हणायचं असलं की 'पाप' म्हणतात. इथे बावीस वर्षं राहून मला ते ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो शब्द मला लागला. कारण माझं चुकलं होतं, आणि ते मला बोलता बोलताच कळायला लागलं होतं.

त्याचं असं आहे. आमच्या धंद्यात ऑन-टाइम या शब्दाला फार मान आहे. विमान वेळेवर पोचावं याचे दोन मार्ग. एक, विमान वेळेवर पोचवायचं. दुसरा, वेळच थोडी जास्त लिहायची. याला आम्ही कुशन म्हणतो. सगळेच ठेवतात. दोन चाळीस लागत असतील तर दोन पन्नास लिहायचं, दहा मिनिटं लवकर उतरायचं, आणि पायलटनं माइकवर सगळ्यांचं अभिनंदन करायचं. प्रवासी खूश, आपण खूश. डेहराडूनचं कुशन मीच घातलेलं होतं.

मी माझ्या बॉसकडे गेले. राव सर म्हैसूरचे. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय नाही.

"सर, डेहराडून का ब्लॉक दस मिनिट कम कर सकते हैं?"

"क्यों?"

मी सांगितलं. त्यांनी पत्र हातात घेतलं. मराठी येत नव्हतं, पण गणित नीट वाचलं. मग म्हणाले, "सुनीता, अगर फ्लाइट सच में दो पचास ले, तो? तुम एक पेशंट के लिए नंबर कम कर रही हो, या नंबर गलत है इसलिए? पहले ये पता करो."

मला राग आला. कारण प्रश्न बरोबर होता.

टेबलावर येऊन मी डेहराडूनच्या फ्लाइटचे तीन महिन्यांचे खरे आकडे काढले. चॉक काढला ते चॉक लावला, रोजच्या रोज. सरासरी दोन पस्तीस आली आणि मी खुर्चीत टेकले. झालं की काम! मग उगाच खाली सरकत गेले. एक दिवस दोन पंचावन्न. एक दिवस तीन तास चार मिनिटं. बाईंच्या नाकात नळी आहे, आणि त्यांना मिळालेला दिवस नेमका तो तीन तास चारचा निघाला तर? सरासरीवर कोणी श्वास घेत नाही. मी घाबरले, आणि बरं झालं घाबरले. टिळेकरांनी सर्वांत सोपा दिवस धरला होता, मी मधला धरत होते, आणि बॅटरीला विचारायचं असतं सर्वांत वाईट दिवसाचं.

म्हणजे नाहीच जमणार, असं धरून मी फाइल बंद करायला निघाले होते. तेव्हा लक्षात आलं की ते सगळे लांबलेले दिवस सकाळच्या फ्लाइटचे आहेत. डेहराडूनला आमची दोन विमानं जातात, एक सकाळी आठच्या सुमाराला, एक दुपारी एकच्या. सकाळी आठला बंगळुरूच्या रनवेवर विमानांची अशी रांग असते की वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवरच जातात. दुपारी तिथे कोणी नसतं. मी दुपारच्या फ्लाइटचे आकडे वेगळे केले. तीन महिन्यांतला सर्वांत लांबलेला दिवस, दोन तास अडतीस.

मग दुपारच्या विमानालाही तिकिटावर दोन पन्नास का?

उत्तर मला ठाऊक होतं, तरी मी तीन वर्षांपूर्वीची एक्सेल शीट उघडली. सकाळच्या फ्लाइटसमोर मी अभ्यास करून दोन पन्नास टाकलं होतं. आणि मग जे आम्ही सगळेच करतो ते केलं होतं. चौकटीचा कोपरा माउसनं धरला आणि खाली ओढला. खालच्या चौकटीत तोच आकडा आला. दुपारच्या फ्लाइटकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. घरी जायची वेळ झाली असेल. अंतर तेच, विमान तेच, मग वेळही तीच, असं तेव्हा वाटलं असणार. तेव्हाच एकोणीस वर्षं या खात्यात काढलेल्या बाईला असं वाटावं!

मी परत राव सरांकडे गेले आणि सरळ सांगितलं.

"गलती मेरी है, सर. दोपहर वाली कभी दो चालीस के ऊपर गई ही नहीं. वर्स्ट दो अडतीस है."

त्यांनी शीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. टाइमटेबल लगेच बदलता येत नाही, त्याला सीझन संपावा लागतो. पण मेडिकल डेस्कच्या नियमात तिकिटावरची वेळ असा शब्दच नाही, त्या फ्लाइटला जास्तीत जास्त लागू शकेल ती वेळ, असं लिहिलंय. डेस्क आपलं सोयीसाठी तिकिटावरची वेळ धरत होतं.

"नोट लिखो. साइन तुम करोगी."

"करूँगी."

"और बॅटरी चेक करवाओ. ब्रोशर पे 'अप टू फोर अवर्स' लिखा होगा. अप टू का मतलब मालूम है ना?"

"मालूम है, सर. हमारी सेल की टिकटों पे हम भी यही लिखते हैं."

ते हसले नाहीत. पण नोट त्यांनी स्वतः वरपर्यंत नेली.

दोन चाळीसच्या दीडपट बरोबर चार तास. आता बॅटरीनं खरोखर चार तास काढायला हवे होते. मी टिळेकरांना सांगितलं, रविवारी घरी चालवून बघू, मी येते. मी राहते येलहंक्याला, ते बनशंकरीला. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला मला एक तास पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात विमानानं मी नागपुरात उतरले असते.

पद्मावतीबाई, म्हणजे सगळ्यांच्या पद्माक्का, पलंगाला टेकून बसल्या होत्या. बारीक चण, मोठं कुंकू. माहेर चामराजपेटचं, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातलं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं. टिळेकर मूळ सांगलीचे, सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले.

"ये गे, बस. स्वल्प कॉफी घे आधी."

"कॉफी नंतर," टिळेकर म्हणाले. "दोन वाजून दहा. सुरू." त्यांनी मशीन भिंतीतल्या सॉकेटवरून काढलं. चार्जरची पिन मात्र हातातच धरून ठेवली.

चार तास आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. पद्माक्कांनी श्वास ओढला की मशीन टक् करायचं. टिळेकर दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचे. बोललं की श्वास भराभर घ्यावा लागतो, आणि तेवढी बॅटरी जास्त जाते, हे त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं.

"बोलू नकोस."

"चार तास गप्प? आणि विमानात शेजारची बोलली तर?"

"तिला सांग, बॅटरी जाते."

"शेजारचीचं राहू द्या. उद्या नात समोर आली तर काय, वहीत लिहून दाखवू तिला?"

मी म्हटलं, काका, बोलू द्या त्यांना. विमानात जशा असतील तशाच इथे असायला हव्यात. त्यावर पद्माक्का जिंकल्यासारखं हसल्या आणि मग बोलतच राहिल्या. लेकीला लहानपणी काय आवडायचं, चौदा वर्षं तिनं काय काय सोसलं, फोनवर बाळ दिसतं ते किती दिसतं. तासाभरानं त्यांनी एक टॉवेल गुंडाळून मांडीवर घेतला.

"हे बघ गे. बाळ उजवीकडे घेतलं की नळी मध्ये येते. तिनं ओढली तर?"

"म्हणून डावीकडून घ्यायची नळी," टिळेकर उठले. "कानामागून, खांद्यावरून, पाठीमागे. मी मोजलंय. सहा इंच जास्त लागते." आणि ते पलंगाच्या कडेला बसून, अगदी हलक्या हातानं, बायकोच्या कानामागून नळी वळवून द्यायला लागले. पद्माक्का टॉवेल सांभाळत मान कलती करून बसल्या होत्या. त्यांनी हे आधी पुष्कळदा केलं असणार, दोघंच असताना. मी खिडकीतून बाहेर बघितलं, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तीन तास पस्तीस मिनिटांनी मशीन बीप करायला लागलं. बॅटरी संपत आली. पद्माक्कांनी टॉवेल बाजूला ठेवला. टिळेकरांनी वही मिटली. चार्जरची पिन त्यांनी सॉकेटपाशी नेऊन धरली. मी मनात म्हणत होते, दोन चाळीसची नोट मी दिली आहे, आणखी खाली मी जाऊ शकत नाही, एक मिनिटही नाही. हे त्यांना सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

"चार," टिळेकर म्हणाले. पण पिन लावली नाही. "बघू किती जातं."

चार तास सहा मिनिटांनी मशीन थांबलं. त्यांनी तत्क्षणी पिन लावली, आणि पुन्हा टक् झालं.

"चार सहा. लिहून घ्या, भंगाळे."

"सरी, झालं एकदाचं," पद्माक्कांनी श्वास सोडला. "आता तरी मुलीला कॉफी द्या हो."

बुधवारी दुपारी मी स्क्रीनसमोर बसून होते. घरून विमानतळापर्यंत मशीन गाडीच्या सॉकेटवर आणि गेटवर बोलावेपर्यंत तिथल्या सॉकेटवर, अशी टिळेकरांची योजना त्यांनी मला लेखी पाठवली होती. विमानाचा चॉक चार मिनिटं उशिरा निघाला. रनवेवर पुढे दोनच विमानं. दिल्लीच्या अलीकडे कंट्रोलनं त्याला थोडं पश्चिमेला वळवलं तेव्हा मी उभी राहिले. दीप्ती येऊन माझ्यामागे उभी राहिली. राव सर दोनदा पाणी प्यायला तिकडून गेले. चॉक लागला तेव्हा दोन तास छत्तीस मिनिटं झाली होती.

अर्ध्या तासानं मेसेज आला. "माझ्या घड्याळानुसार २:३९, दार उघडेपर्यंत. तीन मिनिटांच्या फरकाचा खुलासा व्हावा." संध्याकाळी मागोमाग फोटो आला. पद्माक्कांच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं इवलंसं बाळ, नळी डाव्या खांद्यावरून मागे गेलेली. खाली एक ओळही लिहिली नव्हती. टिळेकरांचं ते मला मिळालेलं एकमेव विनाआकड्याचं पत्र.

त्या तिथे अडतीस दिवस राहिल्या. परतीची नोटही मीच दिली, तीही दुपारच्याच विमानाची. जुलैत डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवास कायमचा बंद केला. टिळेकरांनी फोनवर ते सांगितलं तेव्हा आवाज शांत होता. म्हणाले, "एकदा तरी जाऊन आली."

म्हणजे जाणं एवढं एकदाच होतं. आणि ते मी तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, न बघता, माउसनं पुसून ठेवलेलं होतं.

नव्या सीझनच्या टाइमटेबलात दुपारचं डेहराडून दोन चाळीस झालं. उशिरा सुटलेलं विमान सावरायला आता कुशन नव्हतं, त्यामुळे आमचा ऑन-टाइमचा आकडा थोडा घसरला, त्याबद्दल मला एक खुलासा लिहावा लागला. आता मी प्रत्येक फ्लाइटची वेळ वेगळी काढते आणि वेगळी टाइप करते. काम दुप्पट होतं. होऊ दे.